वकिलीच्या दाराची भाषा

वकील, वकालतनामा, फिर्याद, जामीन, दिवाणी, फौजदारी, हुकूमनामा, कुलमुखत्यार, दस्तऐवज, सनद. तालुक्याच्या कोर्टाच्या आवारात अर्धा तास उभे राहिले, तर हे सगळे शब्द कानावर पडतात. बोलणारा शेतकरी असतो, कारकून असतो, पट्टेवाला असतो. यातला एकही शब्द त्याला परका वाटत नाही. हे शब्द अरबी-फारसीतून आले आणि मराठीच्या अंगणात कायमचे राहिले. उर्दूच्या वर्गात हेच शब्द आम्ही फळ्यावर उजवीकडून डावीकडे लिहितो.

तरीही आमच्या वर्गातल्या एखाद्या मुलाने किंवा मुलीने 'मला वकील व्हायचे आहे' असे म्हटले, की घरातून पहिला प्रश्न येतो, "उर्दू मीडियम के बच्चों को वहाँ कौन लेगा?" डॉक्टरकी, इंजिनिअरिंग, डी.एड., आयटीआय या वाटा आता समाजाला ठाऊक झाल्या आहेत. कायद्याच्या शिक्षणाची वाट मात्र अजून धुक्यात आहे. अर्ज कुठे करायचा, परीक्षा कोणती, कागद कोणते, किती वर्षे, किती पैसे, हे सांगणारे माणूस मोहल्ल्यात सापडत नाही. आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो, म्हणून हा प्रश्न आमच्यासाठी पुस्तकी नाही. पण त्याचे उत्तर द्यायचे तर थोडे मागे जावे लागते. वकिलीच्या दाराला एक इतिहास आहे आणि त्या दाराची भाषा वेळोवेळी बदललेली आहे.

मदरशाचा दाखला

कंपनी सरकारने वकिलांची नोंदणी पहिल्यांदा रीतसर केली ती बंगालमध्ये, १७९३ साली. लॉर्ड कॉर्नवॉलिसच्या त्या वर्षीच्या सातव्या रेग्युलेशनने वकिलीची सनद कोणाला द्यायची हे ठरवून दिले. आज वाचताना गंमत वाटते, पण नियम असा होता की वकील हिंदू किंवा मुसलमानच असावा. त्यातही पसंती कोणाला, तर कलकत्त्याच्या मदरशाच्या आणि बनारसच्या संस्कृत पाठशाळेच्या विद्यार्थ्यांना. कलकत्त्याचा मदरसा वॉरन हेस्टिंग्जने १७८० मध्ये काढला होता आणि बनारसची पाठशाळा १७९१ मध्ये निघाली होती. म्हणजे हिंदुस्थानातल्या वकिलीच्या पहिल्या प्रवेश-नियमात मदरशाचा दाखला हीच मोठी पात्रता होती. दाराची भाषा फारसी होती आणि ती ज्याला येत होती तो आत जात होता.

हे फार काळ टिकले नाही. १८३३ च्या रेग्युलेशनने धर्माची अट काढली. १८३७ च्या कायद्याने कोर्टांतून फारसी हटवण्याचा मार्ग मोकळा झाला. १८४६ च्या कायद्याने कोणत्याही देशाच्या आणि धर्माच्या माणसाला वकिलीची मुभा मिळाली. मुंबई इलाख्यात जिल्ह्याची कोर्टे मराठी, गुजराती, कानडी अशा तिथल्या तिथल्या भाषांत चालत, पण वरच्या कोर्टाची भाषा इंग्रजीच होत गेली. १८६२ मध्ये मुंबईत हायकोर्ट सुरू झाले. १८६४ च्या अकराव्या कायद्याने कोर्टात इंग्रज न्यायाधीशाला शरियत समजावून सांगणारे काझी आणि धर्मशास्त्र सांगणारे पंडित, या दोघांचीही पदे रद्द झाली.

शास्त्री-पंडितांच्या घरातली पुढची पिढी तोवर एल्फिन्स्टनच्या बाकावर जाऊन बसली होती. आमच्याकडे ते फार थोड्या घरांत घडले. नव्या इंग्रजी शाळांबद्दल मनात संशय होता, शाळांमध्ये आपली भाषा नव्हती आणि हाताशी पैसाही नव्हता. यात दोष कोणाचा यावर आजवर पुष्कळ शाई खर्ची पडली आहे. आम्हाला एवढेच नोंदवायचे आहे की दाराची भाषा बदलते तेव्हा जुन्या भाषेचा आलिमसुद्धा एका रात्रीत अनपढ ठरतो. त्याच्या इल्ममध्ये कमतरता नसते. दरवाजावरची पाटी बदललेली असते.

दादा मकबांचा शागीर्द

या बदलाच्या ऐन मध्यावर मुंबईत एका मुलाची तालीम चालली होती. बदरुद्दीन तय्यबजी यांचा जन्म १० ऑक्टोबर १८४४ चा. वडील मुल्ला तय्यब अली मूळ खंबायतचे, सुलेमानी बोहरा व्यापारी. मुलाची सुरुवात दादा मकबा यांच्या मदरशात झाली, उर्दू आणि फारसीने. त्यानंतर एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशन. पुढे डोळ्यांच्या इलाजासाठी त्यांना फ्रान्सला पाठवण्यात आले आणि १८६० मध्ये, पंधरा-सोळा वर्षांच्या वयात, ते इंग्लंडच्या शाळेत दाखल झाले.

घरात वाट दाखवणारा माणूस होता, हे इथे विसरून चालणार नाही. थोरले भाऊ कमरुद्दीन आधीच इंग्लंडला गेले होते आणि १८५८ मध्ये तिथे सॉलिसिटर म्हणून दाखल झालेले ते पहिले हिंदी गृहस्थ. म्हणजे फॉर्म कसा भरायचा, कोणाला भेटायचे, कुठे राहायचे हे सांगणारा घरचाच होता. आजही प्रवेशाच्या धावपळीत ज्याच्या घरात कमरुद्दीन असतो त्याचे काम सोपे होते आणि ज्याच्या घरात नसतो तो पहिल्याच पायरीवर अडखळतो.

त्या काळी बॅरिस्टर होण्याची रीत आजच्या मुलांना सांगितली तर ती हसतात. लंडनमध्ये चार 'इन' आहेत: लिंकन्स इन, इनर टेंपल, मिडल टेंपल आणि ग्रेज इन. त्यांपैकी एकात नाव दाखल करायचे, फी भरायची आणि साधारण तीन वर्षांत बारा 'टर्म' पुऱ्या करायच्या. टर्म पुरी करणे म्हणजे इनच्या दिवाणखान्यात ठरावीक संख्येने रात्रीच्या जेवणाला हजर राहणे. लेखी परीक्षा सर्वांना सक्तीची झाली ती १८७२ पासून. गांधीजी १८८८ मध्ये इनर टेंपलला गेले. आत्मकथेत त्यांनी या जेवणांचे मजेदार वर्णन केले आहे. चौघांच्या टेबलाला दारूच्या बाटल्या मिळत आणि हे गृहस्थ पीत नसल्यामुळे आपल्या टेबलावर यांनाच बसवावे म्हणून बाकीच्यांची ओढाताण चाले.

म्हणजे हा प्रवेश केवळ हुशारीचा नव्हता. तो कपड्यांचा, काट्या-चमच्याचा, पैशाचा आणि ओळखीचाही होता. बदरुद्दीन यांनी लंडन विद्यापीठाची मॅट्रिक दिली. त्या परीक्षेत लॅटिन चुकवता येत नसे. मग मिडल टेंपल. त्यातच डोळ्यांचा विकार बळावला आणि १८६४ च्या अखेरीस शिक्षण अर्धवट टाकून त्यांना मुंबईला यावे लागले. वर्षभराने ते परत गेले, एप्रिल १८६७ मध्ये बॅरिस्टर झाले आणि त्याच वर्षाअखेर मुंबई हायकोर्टात उभे राहिले. मुंबईचे ते पहिले हिंदी बॅरिस्टर. १८८७ मध्ये मद्रासच्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष, १८९५ मध्ये हायकोर्टाचे न्यायमूर्ती, १९०२ मध्ये काही काळ हंगामी मुख्य न्यायाधीश. १८९७ मध्ये राजद्रोहाच्या खटल्यात लोकमान्य टिळकांचा जामीन आधी नाकारला गेला होता. तो मंजूर केला न्यायमूर्ती तय्यबजींनी. दादा मकबांच्या मदरशातून निघालेली वाट तिथवर पोचली.

आम्हाला त्यांच्या आयुष्यातली आणखी एक गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. इंग्रजी, फ्रेंच, लॅटिन शिकून आलेल्या या माणसाने घरात उर्दू सोडली नाही. तय्यबजी कुटुंबाच्या नोंदवह्या, ज्यांना ते 'अखबार' म्हणत, उर्दूत लिहिल्या जात. आणि स्वतः दार ओलांडल्यावर त्यांनी ते मागे ढकलून बंद केले नाही. १८७४ मध्ये कमरुद्दीन, बदरुद्दीन आणि त्यांच्या सोबत्यांनी अंजुमन-ए-इस्लाम स्थापन केली आणि १८८० मध्ये तिची पहिली शाळा सुरू झाली. मुलाला त्याच्या भाषेतून शाळेत आणायचे आणि तिथे इंग्रजी पक्की करून बाहेर सोडायचे, हा त्या शाळेमागचा विचार. महाराष्ट्रात उर्दू शाळा चालवणाऱ्या प्रत्येकाने हा विचार अधूनमधून काढून पाहावा.

लंडनला न जाणाऱ्यांची वाट

सगळ्यांनाच आगबोटीचे भाडे परवडणार नव्हते. त्यांच्यासाठी मुंबईत दुसरी वाट होती. १८५५ मध्ये सरकारी लॉ कॉलेज सुरू झाले, १८५७ मध्ये विद्यापीठ आले. आधी पदवी, मग एलएल.बी., मग हायकोर्टाच्या अपील शाखेत वकील. मूळ शाखेत उभे राहायचे तर बॅरिस्टर हवा किंवा हायकोर्टाची अॅडव्होकेटची अवघड परीक्षा उतरायला हवी. न्यायमूर्ती रानडे आणि काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांनी ही परीक्षा दिली ती १८७०च्या दशकाच्या सुरुवातीला. तेलंग, फिरोजशहा मेहता आणि तय्यबजी ही मुंबईच्या सार्वजनिक जीवनातली त्रिमूर्ती मानली जाई. त्यांतले दोघे लंडनहून आले होते, तेलंग मुंबईतच घडले होते. वाटा दोन होत्या, पण पोचले सगळे.

पैशाची अडचण किती खोल असते हे पाहायचे तर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे पाहावे. १९१६ मध्ये त्यांनी ग्रेज इनमध्ये नाव घातले. शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ मध्ये परतावे लागले. १९२० मध्ये पुन्हा लंडन, १९२२ मध्ये बॅरिस्टर. आणि एवढे करून आल्यावर मुंबईत सनद घ्यायला पैसे नव्हते, ते मित्राच्या मदतीने उभे राहिले. हाच माणूस १९३५ मध्ये मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजचा प्राचार्य झाला. त्याच खुर्चीवर १९३८ ते १९४७ या काळात आसफ ए. ए. फैजी बसले. मुस्लिम कायद्यावरचे त्यांचे पुस्तक आजही विद्यार्थी वाचतात.

स्त्रियांसाठी तर दारच नव्हते. नाशिकला जन्मलेल्या, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनी १८९२ मध्ये ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा दिली, पण वकिली करण्याचा हक्क मिळायला १९२३ चा कायदा यावा लागला. आमच्या वर्गातल्या मुलींना आम्ही हे सांगतो आणि पाठोपाठ फातिमा बीवींचे नाव सांगतो. केरळच्या पत्तनंतिट्टा गावची मुलगी, त्रिवेंद्रमच्या सरकारी लॉ कॉलेजात शिकलेली. १९५० मध्ये त्यांनी वकिलीची सनद घेतली आणि १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पहिल्या महिला न्यायमूर्ती झाल्या. ही मुलगी मुसलमान होती, हे वाक्य वर्गात उच्चारले की मागच्या बाकावरच्या मुलीही मान वर करतात.

जेव्हा दाराची भाषा उर्दू होती

उर्दूची कैफियत मांडताना एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. दार आमच्या भाषेत उघडत होते, असाही काळ आणि प्रदेश होता. १९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या हैदराबाद राज्यात होता. तिथे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी फारसीच्या जागी उर्दू सरकारी भाषा झाली. १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ निघाले ते उर्दू माध्यमाचे. तिथल्या भाषांतर खात्याने, दारुत्तर्जुमाने, विज्ञानापासून कायद्यापर्यंतची पुस्तके उर्दूत आणली. हिंदुस्थानी भाषेत कायद्याचे उच्च शिक्षण देता येते, हे तिथे दिसले. ही अभिमानाची गोष्ट आहे.

पण त्याच वेळी बीड, परभणी, नांदेडच्या मराठी मुलाला वकील व्हायचे तर आपली भाषा घरी ठेवून उर्दूत शिकावे लागत होते, हेही तितकेच खरे आहे. त्याच्या पक्षकाराला मराठीखेरीज काही येत नव्हते आणि कोर्टात काय चालले आहे हे त्याला कळत नव्हते. आज आमच्या मुलांची जी घुसमट होते, ती तेव्हा त्यांच्या मुलांची होत होती. म्हणून 'आमच्यावरच अन्याय झाला' एवढे म्हणून इतिहास संपत नाही.

या इतिहासाने अलीकडे एक वळण घेतले. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती मराठवाड्यातल्या कुणबी नोंदी शोधू लागली, तेव्हा निजामकाळातले महसुली दप्तर बाहेर निघाले. त्यातले पुष्कळ कागद उर्दूत आणि मोडीत होते. ते वाचणारी माणसे शोधण्याची वेळ आली. ज्या भाषेला 'हिचा उपयोग काय' असे विचारले जात होते, ती भाषा लाखो मराठी कुटुंबांच्या हक्काच्या कागदात बसलेली निघाली. वक्फचे दस्त, इनामाच्या सनदा, जुने निकाहनामे यांचेही तसेच आहे. उर्दू, मराठी आणि इंग्रजी तिन्ही येणारा वकील महाराष्ट्रात दुर्मीळ आहे आणि त्याची गरज आहे.

आजचे दार

१९६१ च्या अॅडव्होकेट्स अॅक्टने बॅरिस्टर, वकील, प्लीडर हे भेद मिटवून सर्वांना एकच नाव दिले: अॅडव्होकेट. लंडनच्या पदवीचा मान हळूहळू ओसरला. कोकणातल्या आंबेतचे ए. आर. अंतुले लिंकन्स इनमधून बॅरिस्टर होऊन आले आणि १९८० मध्ये राज्याचे मुख्यमंत्री झाले. लोकांच्या तोंडी ते शेवटपर्यंत 'बॅरिस्टर अंतुले'च राहिले.

बारावीनंतर पाच वर्षांचा अभ्यासक्रम रुजला तो बंगळूरच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठापासून. तिथली पहिली तुकडी १९८८ ची. पुढे राज्याराज्यांत अशी विद्यापीठे निघाली आणि प्रत्येकाची परीक्षा वेगळी. एकेका मुलाने पाच-सात फॉर्म भरायचे, पाच-सात गावांना जायचे. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २००८ पासून 'क्लॅट' ही एकच सामायिक परीक्षा सुरू झाली. महाराष्ट्रात अशी तीन विद्यापीठे आहेत: मुंबई, नागपूर आणि पूर्वीचे औरंगाबाद, आताचे छत्रपती संभाजीनगर. क्लॅटमध्ये २०२० पासून लांबलचक उतारे वाचून उत्तरे द्यायची असतात. २०२४ च्या प्रवेशापासून प्रश्न १२० आणि वेळ दोन तास. चुकीच्या उत्तराला पाव गुण कापला जातो. पेपर फक्त इंग्रजीत. भारतीय भाषांतही तो असावा, अशी मागणी घेऊन २०२३ मध्ये दिल्ली हायकोर्टात अर्ज झाला होता. म्हणजे दाराच्या भाषेचे भांडण अजून मिटलेले नाही.

राज्यातल्या इतर लॉ कॉलेजांसाठी २०१६ पासून राज्य सीईटी सेलची परीक्षा आहे. बारावीनंतर पाच वर्षे किंवा कोणत्याही पदवीनंतर तीन वर्षे, असे दोन मार्ग. बी.ए. उर्दू झालेल्या मुलीलाही तीन वर्षांचा मार्ग मोकळा आहे, हे अनेक घरांत माहीतच नसते. ही परीक्षा इंग्रजी आणि मराठीत देता येते, चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. मुस्लिम संस्थांची कॉलेजेही आहेत. पुण्यात ए. के. खान लॉ कॉलेज आहे, मुंबईत अंजुमनचे बॅरिस्टर अंतुलेंच्या नावाचे कॉलेज आहे.

पण आमच्या अनुभवात मुले परीक्षेत कमी आणि कागदांत जास्त अडकतात. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर 'मोहम्मद', आधारवर 'मोहंमद', मार्कशीटवर 'मो.'. कुठे शेख आधी, कुठे शेख शेवटी. अर्जाच्या खिडकीशी बसलेल्या माणसाला ही तीन वेगळी माणसे वाटतात. दुसरी अडचण जातीच्या दाखल्याची. मोमीन, बागवान, तांबोळी, पिंजारी अशा जमाती ओबीसीत आहेत, पण पुरावा १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा लागतो. आजोबांच्या शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये जातीच्या रकान्यात गुरुजींनी नुसते 'मुसलमान' लिहून ठेवलेले असते. रजिस्टर उर्दू शाळेचे असेल तर त्याचे भाषांतर हवे. हे काम बारावीच्या निकालानंतर पंधरा दिवसांत होत नाही, ते नववीत सुरू करावे लागते. वाळवी लागलेली ती जुनी रजिस्टरे कपाटात नीट ठेवणे हेही आम्हा उर्दू शिक्षकांचे काम आहे. त्यात एखाद्या नातवाची सनद दडलेली असते.

पदवीनंतर बार कौन्सिलची नोंदणी आणि अखिल भारतीय बार परीक्षा. ही परीक्षा २०११ पासून सुरू आहे आणि मराठीतही देता येते. नोंदणीची फी राज्याराज्यांत हजारोंच्या घरात गेली होती. ३० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की कायद्यात लिहिलेल्या रकमेपेक्षा जास्त घेता येणार नाही, म्हणजे सर्वसाधारण उमेदवाराला ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला १२५ रुपये. सनदेसाठी मित्राच्या मदतीवर उभ्या राहिलेल्या बाबासाहेबांची आठवण या निकालाने होते.

तीन भाषा

उर्दू शाळा बंद करा म्हणजे प्रश्न मिटेल, असे सांगणारे आमच्यातही आहेत. तय्यबजींचा दाखला त्यांच्या विरुद्ध जातो. उर्दूत सुरुवात केल्यामुळे ते मागे पडले नाहीत. ते उर्दूतच थांबले असते तर मागे पडले असते. दुसरीकडे, इंग्रजी ही परक्यांची आणि मराठी ही सरकारची म्हणून टाळणाऱ्यांनाही हाच दाखला दाखवायला हवा. १९९८ पासून महाराष्ट्रातल्या कनिष्ठ न्यायालयांची भाषा मराठी आहे. ज्याला मराठीत कैफियत लिहिता येत नाही, तो तालुक्याच्या कोर्टात उभा राहू शकत नाही, आणि ज्याला इंग्रजी येत नाही, तो हायकोर्टाच्या पायऱ्या चढू शकत नाही. आमच्या शाळांत मराठीचा तास 'पास होण्यापुरता' समजला जातो. तो तास वकिलीच्या दाराची एक किल्ली आहे, असे समजून शिकवला आणि शिकला गेला पाहिजे.

दार फारसीत होते तेव्हा फारसी शिकणारे आत गेले, इंग्रजीत झाले तेव्हा इंग्रजी शिकणारे गेले, निजामाच्या राज्यात उर्दू शिकणारे गेले. दाराने कोणाची कौम विचारण्यापेक्षा त्याची तयारी जास्त वेळा विचारली आहे. पण तयारी आकाशातून पडत नाही. त्यासाठी घरात एक कमरुद्दीन लागतो, आणि ज्याच्या घरात तो नाही त्याच्यासाठी शाळेत, मस्जिदीच्या वाचनालयात, मोहल्ल्याच्या ऑफिसात कोणीतरी तो व्हावा लागतो. आज आपल्यापैकी जे वकील आहेत त्यांनी वर्षातला एक रविवार जवळच्या उर्दू शाळेला द्यावा. फॉर्म कसा भरायचा एवढेच मुलांना सांगावे. बाकीचे वर्षभर आम्ही वर्गात सांगत राहू.